अण्णांच्या फियाटचा तळ

भाऊबीजेला सासुरवाडीत पंगत बसली होती. पुरणपोळीवर तुपाची धार पडत असतानाच गोरक्षनाथांनी जाहीर करून टाकलं, की अण्णांची फियाट ते स्वतःच्या हातांनी दुरुस्त करणार आणि चैत्रातल्या जत्रेला ती गाडी आपल्या चाकांवर गावात शिरणार. पुढच्या सीटवर कोण बसणार हेही त्यांनी तिथंच ठरवून टाकलं. सासूबाई बसणार.

सासूबाईंच्या, म्हणजे भागूबाईंच्या, हातातली तुपाची वाटी तशीच कलती राहिली. बन्सीच्या ताटात पोळीपेक्षा तूप जास्त झालं.

विषय खरं तर बन्सीनेच काढला होता. बन्सी हा गोरक्षनाथांचा मेव्हणा. संगमनेरला त्याचा दुधाचा धंदा, आणि निम्मं दूध तो स्वतःच पीत असावा अशी तब्येत. तो म्हणाला, "दाजी, ती गाडी निस्ती जागा अडवून बसलीय. भंगारवाला दारातनं उचलून न्यायला तयार हाय. तिथं कडबा कापायची मशीन बसवतो, आईला तेवढंच बरं पडंल."

आईला बरं पडेल का, हे आईला कुणी विचारलं नव्हतं. पाथर्डीच्या पुढे, डोंगराच्या अंगाला लागून असलेलं ते गाव. एके काळी एष्टी येऊन गेली की गावात चालणारं चारचाकी वाहन एकच, ते म्हणजे गोरक्षनाथांच्या सासऱ्यांची, अण्णांची, फियाट. गावात कुणी बाई अडली की अण्णा गाडी काढायचे आणि भागूबाई मागच्या सीटवर त्या बाईला धरून बसायच्या, कारण गावातली बाळंतपणं त्यांच्याच हातची. दवाखाना नगरला. मूल दर वेळी नगरपर्यंत थांबायचंच असं नाही. आज गावात जीप चालवणारा आदिनाथ करंजीच्या घाटात, त्या मागच्या सीटवरच जन्मला होता, आणि अजूनही गाडीजवळून जाताना तिला हात लावून मग पुढे जायचा. अण्णा गेले आणि गाडी गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली गेली, ती तिथेच राहिली.

"पण दाजी, तिचा तळ बघितला का? खालनं समदी गंजलीय," बन्सी म्हणाला.

"बघितलाय." जेवणाआधी गोरक्षनाथ गाडीत बसून आले होते आणि पायाखालच्या रबरी चटईवर त्यांनी टाच आपटून पाहिली होती. "ठणठणीत आहे. आणि तळाचं मला सांगू नकोस बन्सी. आख्खी नोकरी कालव्यांचे तळ तपासण्यात गेली माझी. पाणी कुठं मुरतं ते मला नुसतं चालताना कळतं."

"कालवा निराळा, गाडी निराळी."

"तळ तो तळ."

भागूबाईंनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, मग जावयाकडे पाहिलं आणि त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

गाडी टेम्पोत चढून नगरला, सावेडीतल्या बंगल्यापुढे येऊन उतरली. गोरक्षनाथांची बायको पुष्पावती घरातच शिवणक्लास चालवायची. वडिलांची गाडी दारात पाहून तिचा जीव हरखला. तिने गाडीला हळदकुंकू लावलं, आणि नवऱ्याला ओळखून असल्यामुळे पोर्चमधल्या कुंड्या आधीच उचलून मागच्या अंगणात नेल्या.

सकाळी गोरक्षनाथ ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि मोबाईलवर एक व्हिडिओ लावला. व्हिडिओतला माणूस सांगत होता, की जुन्या गाडीचा तळ वरून बघून कधीच कळत नाही. सीटा काढा, चटया काढा, डांबराचा थर खरवडा, आणि मग बोला. गोरक्षनाथांना हे भलतंच पाल्हाळ वाटलं. त्यांनी व्हिडिओ मध्येच बंद केला आणि क्लच मोकळा आहे का ते बघायला डावा पाय जोरात रेटला. पाय क्लचवरून घसरला. वाळून चुरा झालेली चटई, तिच्याखालचं डांबर आणि त्याखालचा पत्रा हे सगळं ओलांडून तो पोर्चच्या फरशीवर जाऊन टेकला.

वर ओढला तर येईना. फुटलेल्या पत्र्याच्या कडांनी पँटला खालून दात लावले होते. गोरक्षनाथांनी आजूबाजूला पाहिलं. कुणी बघत नव्हतं. म्हणून ते स्टिअरिंगवर हात ठेवून, गाडी चालवत असल्यासारखे समोर बघत बसले.

एवढ्यात शेजारचे काकासाहेब फाटकातून आत आले. काकासाहेब एष्टीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. कुणाच्या दारात बॉनेट उघडलं की त्यांना घरात चैन पडत नसे.

"काय गोरक्षनाथराव, आणली म्हणायची गाडी."

"आणली ना. तपासणी चाललीय."

"तळ कसा काय आहे? या गाड्यांचा तळच जातो आधी."

"उत्तम आहे."

काकासाहेबांनी गुडघ्यावर हात ठेवून खाली डोकावलं. "अहो, तुमची चप्पल पडलीय गाडीखाली. देऊ का काढून?"

"राहू द्या."

"राहू द्या काय, कुत्रं नेईल." काकासाहेबांनी हात घालून चप्पल ओढली. ती निघेना. त्यांनी आणखी जोर लावला.

"काकासाहेब," गोरक्षनाथ शांतपणे म्हणाले, "तिच्यात पाय आहे."

शेवटी पुष्पावती आली. कापडाची कात्री लोखंडाला लावणार नाही, असं तिने आधीच बजावलं आणि नवऱ्याची पँट गुडघ्यापासून कापून पाय मोकळा केला. काकासाहेब तोवर गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन ही बातमी सांगून परत आले होते.

मग मात्र तपासणी रीतसर झाली. पेट्रोलची टाकी काढून लांब ठेवली. पुढच्या सीटा बाहेर आल्या. मागची सीट तेवढी पुष्पावतीने काढू दिली नाही. तिच्याखालचा पत्रा शाबूत होता, आणि त्या सीटला हात लावायचा तर आईला विचारून लावा, असं तिचं म्हणणं पडलं. चटया गेल्या, डांबर खरवडलं गेलं. गोरक्षनाथांनी छोटी हातोडी घेतली आणि आख्खा तळ वाजवत गेले. चांगला पत्रा ठण्ण वाजायचा, कुजलेला थब्ब. जिथं थब्ब वाजलं तिथं खडूने गोल काढायचा असं ठरलं. दुपारपर्यंत एवढे गोल झाले, की न काढलेली जागा शोधणं सोपं जायला लागलं. पुष्पावतीने गाडीखाली बल्ब धरला तेव्हा तर वरून बघताना अमावास्येचं आकाश दिसल्यासारखं वाटलं. चारही बाजूंना चांदण्या.

"अहो, एवढा गेलाय," ती खालून म्हणाली. "बन्सी म्हणत होता ते—"

"बन्सीचं नाव काढू नकोस," गोरक्षनाथ म्हणाले. "कुजलेलं सगळं एकदम काढून टाकायचं. स्वच्छ. मग नवा पत्रा."

बजरंग नावाचा वेल्डर सावेडी नाक्याजवळ खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटकं बनवायचा. गाडीचं काम त्याने कधी केलं नव्हतं, पण नाही म्हणायचीही त्याला सवय नव्हती. त्याने गाडीखाली डोकावून बघितलं आणि विचारलं, "साहेब, पत्र्याऐवजी जाळीच बसवू का? हवा खेळती राहील."

"पत्राच बसवायचा."

"बरं. मग दोन्ही बाजू एकदम कापायच्या का एकेक?"

"एकदम. पुन्हा पुन्हा कुठं मशीन लावत बसतोस."

गाडी पुढून आणि मागून लोखंडी घोड्यांवर उचलून ठेवली होती. ब्रेकची नळी बाजूला बांधून बजरंगने कटर चालवला, आणि खडूचे सगळे गोल, त्यांच्यामधल्या थोड्याफार चांगल्या पत्र्यासकट, खाली पोर्चमध्ये आले. मधला उंचवटा तेवढा राहिला. गाडीत उभं राहिलं तर माणूस थेट जमिनीवर उभा राहत होता. गोरक्षनाथ समाधानाने चहा घ्यायला आत गेले. गाडी मधोमध किंचित खचली, हसणाऱ्या माणसाच्या ओठांसारखी, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

नेमक्या त्याच वेळी फाटकाशी बन्सीची गाडी थांबली. भागूबाईंना कुणीतरी फोनवर सांगितलं होतं, की आता फियाट कापणार आहेत. त्यांनी बन्सीला संगमनेरहून बोलावून घेतलं होतं आणि तडक नगर गाठलं होतं. त्या पोर्चमध्ये आल्या, तळाच्या जागी दिसणाऱ्या फरशीकडे बघत थोडा वेळ उभ्या राहिल्या, आणि मागचा दरवाजा उघडून, भोकावरून पाय टाकून, सीटवरच्या आपल्या नेहमीच्या जागी जाऊन बसल्या.

"एवढंच व्हय?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं सीटबी गेली. आरं, तळ तर आण्णा असतानाच गेला हुता. पावसाळ्यात पायावर चिखल उडायचा. म्या पोत्याचा तुकडा टाकून बसायचे."

चहाचा कप घेऊन बाहेर आलेले गोरक्षनाथ जागच्या जागी थबकले. "मामी, मग भाऊबीजेला बोलला का नाहीत?"

"जावायाला जेवताना कसं सांगायचं?"

बन्सीला राहवलं नाही. "दाजी, मी काय म्हणत हुतो?" असं म्हणत तो दुसऱ्या बाजूने आत शिरला आणि आईशेजारी सीटवर आदळला. गाडीतून एक लांबलचक आवाज आला, जुनं दार कुरकुरावं तसा. मधला भाग आणखी बोटभर खाली गेला. बन्सीने सवयीने दरवाजा ओढून घेतला. भागूबाईंचा आधीच लागलेला होता.

त्यानंतर दोन्हींतला एकही दरवाजा उघडेना.

बजरंगने बाहेरून ओढून पाहिलं. गोरक्षनाथांनी ओढून पाहिलं. काकासाहेब धावत आले, त्यांनी एष्टीचा अनुभव लावून पाहिला. चौकट वाकून दरवाजे तिच्यात घट्ट रुतले होते. पुढचे दोन्हीही तसेच. काचा वर चढवलेल्या, आणि त्या खाली करायची हँडलं गोरक्षनाथांनी रंगवायला म्हणून काढून, रंग देऊन गच्चीवर वाळत घातली होती.

"काच फोडू का?" बजरंगने विचारलं.

"काचंला हात लावशील तर बघ," भागूबाई आतून म्हणाल्या. "आण्णांनी त्या मुंबईहून आणल्याल्या."

गल्लीतले लोक जमले. पुष्पावतीच्या क्लासच्या बायका टेप गळ्यात तशाच ठेवून बाहेर आल्या. कुणी म्हणालं टप कापा, कुणी म्हणालं अग्निशामकला फोन करा. बन्सीला घाम फुटला. "दाजी, मला श्वास घ्यायला होईना," तो म्हणाला. पायाखाली एवढं मोठं भोक असताना श्वास का होत नव्हता ते त्यालाच ठाऊक.

भागूबाई मात्र शांत होत्या. त्यांनी लुगड्याचा ओचा खोचला, सीटवरून पुढे सरकल्या, भोकाच्या कडेला हात टेकून खाली उतरल्या, वाकल्या आणि गाडीखालून अलगद बाहेर आल्या. गुडघे झाडले.

"ह्या गाडीतनं मानसं भाईर काढायची मला सवय हाय," त्या म्हणाल्या. "आता त्याला काढू."

बन्सीला काढणं सोपं नव्हतं. त्याने आधी पाय खाली सोडले. पाय गेले, मांड्या गेल्या आणि पोटाशी येऊन सगळं थांबलं. आता तो ना वर येईना, ना खाली. गाडीखालून त्याचे पाय तेवढे हलताना दिसत होते.

भागूबाई फरशीवर मांडी घालून बसल्या आणि गाडीखाली डोकावल्या. "पाय पुढं करून कुठं निघालास? पहिल्या येळंला बी असाच आल्तास, पायाळू. लई तरास दिला हुतास." मग त्यांनी मान वळवली. "बजरंगा, त्याला काखंत धरून वर घे. पुष्पे, गोडं तेल आन. आन गोणपाट टाका कडंला, पत्रा कापंल."

पुढच्या काचेच्या रिकाम्या चौकटीतून बजरंग आत शिरला. पुढची काच गोरक्षनाथांनी रबर बदलायला म्हणून काढून ठेवली होती, आणि आपण त्या वाटेनेही बाहेर पडू शकलो असतो हे बन्सीच्या तेव्हाच लक्षात आलं. त्याने तसं बोलूनही दाखवलं. भागूबाईंनी त्या चौकटीकडे पाहिलं, मग मुलाच्या पोटाकडे पाहिलं, आणि पुन्हा कुणी तो विषय काढला नाही.

बजरंगने त्याला वर ओढलं. कडांना गोणपाट लागलं. बन्सीच्या शर्टावर, पोटावर, खांद्यांवर तेल चोळण्यात आलं.

"आता डोकं आधी," भागूबाई म्हणाल्या. "हनवटी छातीला लाव. येक हात पुढं. खांदा तिरपा कर. तिरपा. हां. आता घाई करू नको, म्या सांगंन तवाच जोर लाव."

"आई, लोक बघतायत."

"बघूंदे. तवाबी बघत हुते. लाव जोर."

गोरक्षनाथांनी एका बाजूने मेव्हण्याचा हात धरला. पोटाशी पुन्हा एकदा अडलं. भागूबाईंनी त्याला श्वास सोडायला लावला, कुशीला हात घालून असा काही वळवला, की बन्सी एकदम मोकळा झाला आणि तेलाने माखलेला, लालबुंद, डोळे मिटलेला, गाडीखालून फरशीवर आला.

काकासाहेबांनी टोपी काढली आणि जमलेल्या लोकांना सांगितलं, "मुलगा झाला."

हसू ओसरायला बराच वेळ लागला. बन्सी उठून बसला, तेव्हा आईने त्याच्या तोंडावरून पदर फिरवला. त्या दिवसापासून त्याने भंगारवाल्याचं नाव काढलं नाही ते नाहीच. फियाटमध्ये जन्मलेल्या लोकांत आता तोही होता.

लोक पांगल्यावर गोरक्षनाथ मोबाईल घेऊन पायरीवर बसले आणि तो व्हिडिओ जिथं थांबवला होता तिथून त्यांनी पुढे लावला. माणूस सांगत होता, या गाड्यांना खाली वेगळी चौकट नसते, तळ हाच त्यांचा कणा. म्हणून काहीही कापण्याआधी दरवाजांच्या चौकटींत लोखंडी दांड्या आडव्या जोडून घ्या, मधे जॅकचा आधार द्या, आणि दोन्ही बाजू एकदम कधीही कापू नका. गोरक्षनाथांनी तो भाग पुन्हा एकदा ऐकला. मग उठून स्वयंपाकघरात गेले.

"मामी," ते म्हणाले, "चूक माझी आहे. तुमचा जीव धोक्यात घातला."

भागूबाई भाकरी थापत होत्या. "जीव कशाचा धोक्यात? लई वर्सांनी त्या सीटवर बसले. गाडी कवा व्हनार ते सांगा."

"जत्रेला तुम्ही पुढच्या सीटवर."

या वेळी गोरक्षनाथांनी तळाबद्दल बढाई मारली नाही.

काम नव्याने सुरू झालं. भागूबाई लेकीकडेच राहिल्या. बजरंगने दरवाजांच्या चौकटींत दांड्या जोडल्या. गाडीच्या पोटाखाली फळी आणि जॅक लावून गोरक्षनाथ ती तसूतसूने वर उचलत गेले. थोडं उचलायचं, दरवाजा लावून बघायचा, पुन्हा थोडं उचलायचं. एका दुपारी मागचा डावा दरवाजा आपणहून खट्ट लागला आणि आपणहून उघडला. गोरक्षनाथांनी तो उघडझाप करून एवढ्यांदा ऐकला, की पुष्पावतीला क्लासमध्ये मापं सांगताना मोठ्याने बोलावं लागलं.

नव्या पत्र्याचा बेत तिनेच केला. ब्लाऊजचं कापड बेततात तसा खाकी कागद भोकावर अंथरून, दाबून, वळणं उमटवून तिने कापून दिला, कडेला शिलाई सोडून. बजरंगने त्याबरहुकूम पत्रा कापला. आधी जागोजाग टाके मारायचे, एक इकडे, एक पार तिकडे, म्हणजे तापून पत्रा वाकत नाही. मग पक्की शिवण. वेल्डरही टाका म्हणतो आणि शिंपीणही टाका म्हणते, त्यामुळे दोघांची भाषा लगेच जुळली. गोरक्षनाथांना मधे बोलायला वाव राहिला नाही.

पत्र्याला ताकद यावी म्हणून त्यात ठोकून पन्हळी काढायच्या होत्या. बजरंगचा हात जाळ्यांवर बसलेला. सरळ पन्हळी ठोकता ठोकता त्याचा हात वळत गेला आणि तळावर वेलबुट्टी उमटली, मधोमध मोराचं तोंडही. गोरक्षनाथ रागवायला म्हणून वाकले, त्यांनी पत्र्यावर पाय देऊन पाहिला, पत्रा हलला नाही. "राहू दे," ते म्हणाले. "वर चटईच तर येणार आहे."

जोड बुजवले, तांबडा प्रायमर लागला, खालून डांबराचा थर चढला. आता पाणी घालून बघायचं होतं. कालव्याची चाचणी असल्यासारखे गोरक्षनाथ गाडीखाली आडवे पडले आणि वर ओरडले, "सोडा पाणी." पुष्पावतीने बादली ओतली. एक थेंब आला नाही. "आणखी सोडा." काकासाहेबांनी पाइपच लावला. थेंब नाही. गोरक्षनाथ बाहेर आले, त्यांचा चेहरा फुलला होता. त्यांनी आत पाहिलं. पाणी सीटच्या खुरांपर्यंत चढलं होतं आणि जायचं नाव घेत नव्हतं. तळाला पाणी जायला मुळात बुचाची भोकं असतात, ती बजरंगने गंजाची भोकं समजून झाडून सगळी बंद केली होती.

"मासे सोडा," काकासाहेब म्हणाले.

तांब्या आणि बादली घेऊन सगळ्यांनी मिळून गाडी उपसली. बुचाची भोकं नव्याने पाडली. पण गोरक्षनाथांचा आनंद काही उतरला नाही. हा तळ गळत नाही, हे भर सावेडीत सिद्ध झालं होतं.

जत्रेच्या दिवशी सकाळी गाडी निघाली. इंजिनाचं काम एका मेकॅनिकने करून दिलं होतं, रंग पूर्वीचाच, दुधी. गोरक्षनाथ चालवत होते, शेजारी नवं लुगडं नेसून भागूबाई, मागे पुष्पावती आणि बन्सी. नगर सुटेपर्यंत बन्सीने पाय उचलून सीटवर घेतले होते. करंजीचा घाट लागला तेव्हाही ते वरच होते. घाटाच्या मधल्या वळणावर भागूबाईंनी बाहेर बोट दाखवलं. "हितं आदिनाथ झाला." गोरक्षनाथांनी गाडी हळू केली. घाट चढून गाडी वर आली तेव्हा आरशात त्यांना दिसलं, की बन्सीने पाय खाली ठेवलेत.

गावाच्या वेशीवर आदिनाथने जीप आडवी लावून ठेवली होती. फियाट दिसताच त्याने जीप बाजूला घेतली आणि हलगी सुरू झाली. म्हाताऱ्या बायका पुढे आल्या. त्यांतल्या रतनबाईने गाडीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. आदिनाथ मागच्या दरवाजाशी आला, आत वाकला आणि त्या सीटवर हात ठेवून नुसता उभा राहिला. "व्हय," तो शेवटी म्हणाला, "हीच."

मग माणसं आत चढायला लागली. मावतील तेवढी चढली, मग न मावणारीही चढली. गोरक्षनाथ श्वास रोखून तळाकडे बघत राहिले. तळ हलला नाही. देवळापुढे माईक होता, तो बन्सीने घेतला. "मंडळी, ही गाडी मी आन दाजींनी मिळून उभी केली," तो म्हणाला, आणि परत येऊन, सगळ्यांसमक्ष, उघड्या दरवाजातून आत चढून तळावर उडी मारली. गर्दीतून "अगं आई" असा आवाज आला. तळाने ठण्ण असा आवाज दिला. गोरक्षनाथांना फेटा बांधला गेला, नारळ मिळाला, शाल मिळाली. इतकी वर्षं त्या गावचे जावई होते, पण गावाने त्यांना खांद्यावर घेतलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

दुपारनंतर मात्र ओट्यावर भागूबाईंभोवती वेगळीच माणसं जमलेली दिसली. कुणाच्या डोळ्यांचं ऑपरेशन नगरला होतं. कुणाच्या पुतणीला बघायला पाहुणे पाथर्डीला येणार होते. राहीबाईच्या गुडघ्यांना जीप सोसत नव्हती. भागूबाई एकेकाला वार सांगत होत्या आणि आदिनाथ मान हलवत होता. गोरक्षनाथ जवळ गेले, तेव्हा भागूबाईंनी हात पुढे केला.

"किल्ली द्या जावाईबापू. आदिनाथ चालवील. त्याचा हात बसलेला हाय."

"पण मामी, आम्ही संध्याकाळी नगरला—"

"तुमास्नी एष्टी हाय की. दिस मावळायच्या आत येती. लवकर जा, न्हाई तर जागा मिळायची न्हाई."

किल्ली भागूबाईंच्या पदराच्या गाठीत गेली. पुष्पावती तोंडाला पदर लावून दुसरीकडे बघत होती.

लवकर जाऊनही एष्टीत जागा मिळाली नाही. पुष्पावतीला कशीबशी कडेची मिळाली. गोरक्षनाथ फेटा, शाल आणि नारळ सांभाळत दांडीला धरून उभे राहिले. शेजारी उभ्या असलेल्या पागोटेवाल्या म्हाताऱ्याने फेट्याकडे बघून विचारलं, तसं त्यांना बरंच वाटलं. त्यांनी सगळं सांगितलं. तळ कसा कुजला होता, कसा कापला, चौकट कशी उचलली, टाके कसे मारले, आणि आज गाव कसं लोटलं. दरवाजे अडकल्याचा भाग तेवढा त्यांनी गाळला. म्हातारा मन लावून ऐकत होता.

"म्हंजी गाडी आता येकदम झ्याक झाली म्हना की," तो म्हणाला.

"नवी करकरीत."

"मग तुमी एष्टीत उभं कसं?"

गोरक्षनाथांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. मागे गावाकडून एक दुधी ठिपका धूळ उडवत उलट्या दिशेला चालला होता. त्यांनी नारळ या काखेतून त्या काखेत घेतला.

"गाडी ड्युटीवर आहे," ते म्हणाले.